झुरिकला मुलांसाठी स्टिअरिंग-ब्रेकवाला स्लेज घ्यावा की साधा प्लास्टिकचा पुरतो?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच झुरिकला आलाय, मुलं ४ आणि ८ वर्षांची आहेत, बर्फावरून घसरायचा स्टिअरिंग आणि ब्रेकवाला स्लेज शंभरच्या वर जातोय आणि प्लास्टिकचा साधा दहा फ्रँकला मिळतोय, तर एवढे पैसे घालावे का आणि मोठ्यांनाही त्यावर बसता येईल का.

घाला. स्टिअरिंगवालाच घ्या. आणि घरात कोणी म्हणालं की नुसतं घसरायचंच तर आहे, त्याला काय एवढं, तर त्यांना हे वाचून दाखवा, मी खरं तर त्यांच्यासाठीच लिहितेय.

२०१४ ची गोष्ट. आम्ही ऑगस्टमध्ये पुण्याहून आलो होतो आणि नाताळच्या सुट्टीत माझे मोठे दीर फ्रँकफर्टहून सगळ्यांना घेऊन आले. मुलांना बर्फात न्यायचं म्हणून दुकानात गेलो, तिथे मी एक स्लेज निवडला, खाली तीन पट्ट्या, पुढची पट्टी स्टिअरिंगनं वळते, पायाशी लोखंडी ब्रेक. स्वीडनमध्ये या प्रकारचे १९७० च्या दशकापासून बनतात, स्टिगाचा स्नोरेसर तुम्ही दुकानात बघितलाच असेल, तसलाच. मी तो उचलून बिलाच्या रांगेपर्यंत नेला होता. भाऊजींनी हातातून घेतला आणि परत जागेवर नेऊन ठेवला. "अगं, आम्ही गुहागरला पोफळीच्या विरीवर बसून अख्खं आगर फिरायचो, आम्हाला कुणी स्टिअरिंग दिलं होतं?" (विरी म्हणजे सुपारीच्या झावळीचं रुंद बूड.) सगळे हसले, माझा नवरासुद्धा. मग दोन फ्यूडलीबॉब घेतले. फ्यूडली म्हणजे इकडच्या जर्मनमध्ये ढुंगण, त्याखाली घ्यायची फावड्यासारखी प्लास्टिकची ताटली, मधे धरायला दांडा, संपलं.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या कुरणाच्या उतारावर गेलो. आदल्या दिवशी लोकांनी घसरून घसरून बर्फ दाबला होता आणि रात्री तो गोठून कडक झाला होता. माझा मुलगा तेव्हा ६ वर्षांचा. तीनदा छान गेला. चौथ्यांदा ताटली मधेच फिरली आणि त्याची पाठ उताराकडे झाली, त्याला खाली काय आहे ते दिसेचना, खाली कुंपणाचे लाकडी खांब होते. मी धावले पण त्या बर्फात धावून धावून किती धावणार. शेवटी ताटली परत गर्रकन फिरली आणि हनुवटी खांबावर आपटली. तीन टाके पडले. आणि हॉस्पिटलात बसलेलो असताना भाऊजी म्हणाले, "त्यानं पाय लावायला हवे होते."

हे वाक्य मला तेव्हाही लागलं आणि आजही लागतं. त्या पोरानं चार दिवसांपूर्वी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघितला होता.

आणि विरीचं उदाहरण तर मुळातच चुकीचं आहे हो. विरीवर एक जण बसतो आणि दुसरा झावळीचा शेंडा धरून ओढतो, ओढणारा थांबला की विरी थांबते. म्हणजे ब्रेक तिथेही होता, फक्त तो भावाच्या हातात होता. उतारावर ओढणारा कोणी नसतो, उतारच ओढतो आणि तो दमत नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही प्रेडाला गेलो, आल्प्समधलं छोटं गाव. आल्बुला घाटाचा रस्ता हिवाळ्यात गाड्यांना बंद असतो आणि प्रेडा ते बेर्ग्यून असा ६ किलोमीटर घसरायला मोकळा करतात, वरच्या आणि खालच्या टोकाच्या उंचीत सुमारे ४०० मीटरचा फरक, खाली पोचलात की लाल रेल्वे डोंगरात वेटोळी घेत परत वर नेते. तुम्ही नक्की जा. मुलगा वडिलांच्या मागे बसून आला, सगळा वेळ डोळे मिटून. मी मात्र एका स्थानिक मुलीला बघत होते, पाचेक वर्षांची असेल, दाव्होसर स्लेजवर, म्हणजे लाकडी, खाली लोखंडी पट्टी मारलेला, स्टिअरिंग नाही, नुसती दोरी. डावं वळण यायच्या आधीच डावा पाय हलकेच बर्फाला लागायचा, अंग किंचित त्या बाजूला, आणि तीव्र उताराआधी दोन्ही तळवे सपाट. तिला कोणी ओरडून सांगत नव्हतं. ती चालायला लागल्यापासून स्लेजवर बसत असणार! तेव्हा मला भाऊजींना द्यायचं उत्तर सापडलं. पाय लावणं ही विद्या आहे, कोकणातली पोरं विहिरीत पोहतात तशी, ती दोन-तीन हिवाळ्यांनी अंगात मुरते. इथल्या मुलांच्या टाचेत ब्रेक असतो, आपल्या मुलांच्या तो येईपर्यंत हातापायाशी काहीतरी ऐकणारं लागतं.

स्टिअरिंगवाला मग मी ब्रॉकनहाऊसमधून, म्हणजे इकडच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून, जुना घेतला, नवऱ्याला न विचारता. (तुम्हीही आधी तिथे बघा.) मुलगा बसायला तयार नव्हता. मी सपाट जागेवर त्याला नुसता ढकलला आणि सांगितलं ब्रेक दाब. दाबला, थांबला. परत. असं पंधरा-वीस वेळा. मग म्हणाला, "आई, हा थांबतो." आणि स्वतः उतार चढून गेला. त्यानंतर उटलीबर्गवर, म्हणजे झुरिकच्या डोंगरावर, बर्फ टिकला की आमचे रविवार तिथेच, ट्रेननं वर, घसरत खाली ट्रिमली स्टेशनला, परत तीच ट्रेन. तिसऱ्या हिवाळ्यात तो आपण होऊन लाकडीवर गेला.

आता हेही सांगायला हवं की स्टिअरिंग म्हणजे जादू नाही. कडक गोठलेल्या बर्फात पुढची पट्टी चावत नाही, तुम्ही वळवता आणि स्लेज सरळ जातो, म्हणून ब्रेक वळणात नाही, वळणाच्या आधी. ताज्या भुसभुशीत बर्फात अरुंद पट्ट्या रुततात, तिथे प्लास्टिकची ताटली जास्त चांगली चालते, हे मान्य. घेताना उलटा करून बघा, ब्रेकचे दात धातूचे आहेत ना. ४ वर्षांच्याला एकटं सोडू नका. मोठ्यांचं म्हणाल तर वजनाची मर्यादा लिहिलेली असते ती बघा, पण आईवडील आणि मूल एकत्र बसायचं असेल तर लांब लाकडीच भाड्यानं घ्या आणि मागे ज्याला ब्रेक मारता येतो तो बसवा. स्कीचं हेल्मेट सगळ्यांना. डोकं पुढे करून पालथं झोपून कधीच नाही.

मुलगा आता मोठा झालाय, हनुवटीवर खूण आहे. भाऊजी अजूनही विषय निघाला की म्हणतात त्यानं पाय लावायला हवे होते. नाही भाऊजी. तो ६ वर्षांचा होता, आणि ब्रेक आपण दुकानात ठेवून आलो होतो.