रिअ‍ॅक्टच्या प्रोजेक्टमधली एनपीएम पॅकेजेस तिघांच्या मशिनवर सारखी कशी ठेवायची?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: लातूर, नांदेड आणि संभाजीनगर अशा तीन ठिकाणी बसून तुम्ही तिघं आडत दुकानांच्या हिशेबाचं वेब अ‍ॅप करताय, रिअ‍ॅक्ट (स्क्रीन बनवायची लायब्ररी) आणि व्हाइट (बिल्ड करणारं, म्हणजे कोडपासून चालवायच्या फाइली बनवणारं साधन) वापरून. एकाकडे चालतं, दुसऱ्याकडे एरर येतो, सर्व्हरवर तर बिल्डच होत नाही. मग एनपीएमने, म्हणजे पॅकेजेस उतरवणाऱ्या साधनाने, भरलेलं नोड मॉड्यूल्सचं फोल्डर आणि लॉक फाइल (पॅकेज-लॉक डॉट जेसन) दोन्ही उडवायचं, पुन्हा इन्स्टॉल मारायचं, आणि तेवढ्यात मोबाइलचा दिवसाचा डेटा संपतो.

लॉक फाइल उडवणं हे तुम्ही औषध समजून घेताय, पण आजार तिथूनच सुरू होतोय.

तुमच्याच अ‍ॅपमधला व्यवहार घ्या. पॅकेज डॉट जेसन, म्हणजे कुठली पॅकेजेस हवीत त्याची तुमची यादी, ही तोंडी बोलणी: साधारण ह्या भावात घेऊ. लॉक फाइल म्हणजे काटा झाल्यावर हातात आलेली पट्टी. किती क्विंटल, नेमका भाव, हमाली-तोलाई किती, सगळं लिहिलेलं. पट्टी फाडून पुन्हा बोलणी केली तर भाव त्या दिवशीचा लागणार. एनपीएमचंही तसंच आहे. पॅकेज डॉट जेसनमध्ये ^१.४.० लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ १.४.० पासून २.०.० च्या आतलं काहीही चालेल. तुम्ही मार्चमध्ये इन्स्टॉल केलं तेव्हा १.४.२ आलं, मित्राने जूनमध्ये लॉक फाइल उडवून केलं तेव्हा १.७.० आलं. शिवाय तुम्ही लिहिलेली पॅकेजेस पंधरा-वीस असली तरी त्यांच्या पोटातली शेकड्यांनी असतात, आणि त्या प्रत्येकाच्या बाबतीत हेच घडतं.

कॅरेटची, म्हणजे त्या ^ खुणेची, एक खोच बऱ्याच जणांना ठाऊक नसते. शून्याने सुरू होणाऱ्या व्हर्जनला तो जास्त आखडून धरतो. ^०.२.३ म्हणजे ०.३.० च्या आतलं, आणि ^०.०.३ म्हणजे फक्त ०.०.३. टिल्डा, म्हणजे ~१.४.०, फक्त १.५.० च्या आत फिरतो.

म्हणून पहिला नियम: लॉक फाइल गिटमध्ये कमिट झालीच पाहिजे. गिटइग्नोअरमध्ये कुणी टाकली असेल तर आधी ती ओळ काढा. दुसरा: कोड पुल केल्यावर एनपीएम इन्स्टॉल नको, एनपीएम सीआय मारा. दोन्हींत फरक आहे. इन्स्टॉलही लॉक फाइलला मानतो, पण पॅकेज डॉट जेसन आणि लॉक फाइल जुळत नसतील तर तो गुपचूप लॉक फाइल बदलून मोकळा होतो. सीआय तिथेच थांबतो आणि एरर देतो. तो थांबलेला बरा, कारण कुणीतरी एक फाइल कमिट करून दुसरी विसरलाय हे तिथल्या तिथे कळतं. सर्व्हरवर तर सीआयशिवाय दुसरं काही चालवूच नका.

आता डेटाचं. सीआय दरवेळी नोड मॉड्यूल्स पुसून पुन्हा भरतो हे खरं, पण पुसणं म्हणजे डाउनलोड नव्हे. एकदा उतरवलेलं प्रत्येक पॅकेज एनपीएम आपल्या कॅशेत, म्हणजे मशिनवरच्या साठ्यात, ठेवतो, आणि लॉक फाइलमध्ये त्याचा हॅश, म्हणजे ओळख पटवणारा ठसा, लिहिलेला असल्यामुळे ते थेट तिथूनच उचलतो. लॉक फाइल तीच राहिली तर दुसऱ्यांदा नेट जवळपास लागतच नाही. एनपीएम सीआय --प्रिफर-ऑफलाइन असं लिहिलंत तर कॅशेत असलेल्या गोष्टीसाठी तो पुन्हा विचारणाही करत नाही. डेटा खातात त्या दोन सवयी: लॉक फाइल उडवणं, आणि कुठेतरी वाचून एनपीएम कॅशे क्लीन --फोर्स मारणं. दुसरी तर अगदीच विनाकारण. एनपीएम पाचपासून कॅशे स्वतःच आपली खातरजमा करतो, बिघडलेली वस्तू वापरत नाही, आणि शंका आलीच तर एनपीएम कॅशे व्हेरिफाय पुरतं.

नोडचं (एनपीएम आणि व्हाइट ज्यावर चालतात त्याचं) व्हर्जन तिघांकडे एकच आहे का, हे मी सगळ्यात आधी बघितलं असतं. व्हाइट ७ ला नोड २०.१९ किंवा २२.१२ च्या पुढचं लागतं. एकाच्या लॅपटॉपवर कॉलेजपासून नोड १८ पडलेलं असेल तर तिथे येणारे एरर वाचून काहीच उमगत नाही. पॅकेज डॉट जेसनमध्ये इंजिन्सखाली नोडचं व्हर्जन लिहा. पण नुसतं लिहून एनपीएम फक्त इशारा देतो, आणि तो इशारा कुणी वाचत नाही. प्रोजेक्टमधल्या डॉट एनपीएमआरसी ह्या एनपीएमच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये इंजिन-स्ट्रिक्ट=ट्रू टाका, मग तो इन्स्टॉलच करू देणार नाही. त्याच फाइलमध्ये सेव्ह-एक्झॅक्ट=ट्रूही टाका, म्हणजे नवीन पॅकेज घेताना कॅरेट न लागता नेमका आकडा लिहिला जाईल. ही फाइलही कमिट करा. मात्र त्यात कुणाचं टोकन, म्हणजे लॉगिनची गुप्त किल्ली, नाही ना, ते आधी बघा.

सर्व्हरवर बिल्ड फुटतो त्याची तीन नेहमीची कारणं सांगतो.

एक, नोड_एन्व्ह=प्रॉडक्शन आधीच सेट केलेलं असतं. तसं असलं की एनपीएम डेव्ह डिपेंडन्सीज (फक्त बनवताना लागणारी पॅकेजेस) घेतच नाही, आणि व्हाइट त्यातच असतं. मग "व्हाइट: नॉट फाउंड" असा एरर दिसतो. एनपीएम सीआय --इन्क्लूड=डेव्ह मारा. त्याहून बरं म्हणजे बिल्ड दुसरीकडे करून सर्व्हरवर फक्त त्यातून तयार झालेलं डिस्ट फोल्डर चढवा. त्या बिचाऱ्या छोट्या सर्व्हरवर बिल्डचा भार टाकायची गरजच काय?

दोन, फाइलच्या नावातलं मोठं-लहान अक्षर. विंडोजला ते चालून जातं, लिनक्सला चालत नाही. ह्यात पॅकेजचा काही संबंध नाही, पण शिव्या पॅकेजलाच बसतात.

तिसरं जरा खोल आहे. एरर असा असतो: "कॅनॉट फाइंड मॉड्यूल", आणि पुढे रोलअपचं लिनक्स-एक्स६४-जीएनयू असं लांबलचक नाव. व्हाइट ७ च्या पोटातल्या रोलअपचा (फाइली एकत्र बांधणाऱ्या पॅकेजचा) काही भाग प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळा बांधलेला असतो आणि ते सगळे ऑप्शनल डिपेंडन्सीज म्हणून नोंदलेले असतात. लॉक फाइलमध्ये खरं तर सगळ्यांची नोंद हवी. पण नोड मॉड्यूल्स तसंच ठेवून फक्त लॉक फाइल उडवली आणि विंडोजवर इन्स्टॉल केलं, तर एनपीएम फोल्डरमध्ये जे दिसतं त्यावरून लॉक फाइल बनवतो. मग त्यात विंडोजचाच तुकडा येतो आणि लिनक्सचा गायब होतो. एनपीएममधला हा जुना बग आहे. तो एररच सांगतो की दोन्ही उडवून पुन्हा इन्स्टॉल करा. हो, वर मी लॉक फाइल उडवू नका म्हणालो. हा तेवढा अपवाद. पण हे तिघांनी तीन ठिकाणी करायचं नाही. एकाने करायचं, लॉक फाइलमध्ये लिनक्सचं नाव शोधून आलंय का बघायचं, अ‍ॅप चालवून बघायचं, स्वतंत्र कमिट करायची. बाकी दोघांनी पुल करून सीआय.

लॉक फाइलमध्ये मर्ज कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोघांचे बदल एकाच जागी आदळले, की घाबरून हाताने ओळी जुळवत बसू नका. पॅकेज डॉट जेसनमधला कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवा, लॉक फाइल मेन ब्रँचची जशीच्या तशी घ्या, मग एनपीएम इन्स्टॉल --पॅकेज-लॉक-ओन्ली. तुमच्या ब्रँचमध्ये जेवढं नवीन आहे तेवढंच त्यात भरलं जाईल.

आता "ईरिझॉल्व्ह" ह्या एररबद्दल, म्हणजे पॅकेजेसच्या मागण्या एकमेकींशी जुळत नाहीत तेव्हा येणाऱ्या. बहुतेक जण तो वाचतच नाहीत, थेट --लेगसी-पीअर-डेप्स हा झेंडा (न जुळणाऱ्या मागण्यांकडे दुर्लक्ष कर, असं सांगणारा) चिकटवतात. वाचायचा असा: "फाउंड" पुढे तुमच्याकडे काय आहे ते असतं, समजा रिअ‍ॅक्ट १९. खाली "पीअर रिअ‍ॅक्ट ^१८ फ्रॉम" पुढे कुठल्या पॅकेजला जुनं रिअ‍ॅक्ट हवंय त्याचं नाव असतं. एनपीएम सातपासून पीअर डिपेंडन्सी, म्हणजे पॅकेज ज्यांच्या जोडीने चालतं त्या, आपोआप बसवल्या जातात, म्हणून हे भांडण आता उघड्यावर येतं. त्याआधी नुसता इशारा यायचा. आधी एनपीएम व्ह्यू, पुढे त्या पॅकेजचं नाव, पुढे पीअरडिपेंडन्सीज असं मारून नवीन व्हर्जनला १९ चालतं का बघा. चालत असेल तर ते अपडेट करा. चालत नसेल आणि पॅकेजला दोन वर्षं कुणी हात लावलेला नसेल, तर पर्यायी पॅकेज शोधा किंवा सरळ रिअ‍ॅक्ट १८ वर थांबा. चालेल अशी खात्री असेल, फक्त कागदावर लिहिलेलं नसेल, तर पॅकेज डॉट जेसनमधल्या ओव्हरराइड्समध्ये त्या एकाच पॅकेजखाली रिअ‍ॅक्टला डॉलर-रिअ‍ॅक्ट अशी किंमत द्या, म्हणजे तुमचंच रिअ‍ॅक्ट त्याला मिळेल. जेसनमध्ये टिपण लिहिता येत नाही, तेव्हा हे का केलं ते रीडमीमध्ये लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.

लेगसीचा झेंडा कमांडमध्ये लावण्यात खोट अशी, की ज्याने लावला त्याची लॉक फाइल तशी बनते आणि ज्याने लावला नाही त्याचा सीआय अडकतो. लावायचाच झाला तर डॉट एनपीएमआरसीत लावा, म्हणजे तिघांना सारखाच लागेल.

"इनव्हॅलिड हुक कॉल" आला आणि कोड बरोबर दिसत असेल तर एनपीएम एलएस रिअ‍ॅक्ट मारा. दोन वेगळी व्हर्जन दिसली की दुखणं सापडलं. ते दुसरं कुणी आणलं ते एनपीएम एक्स्प्लेन रिअ‍ॅक्ट सांगतो.

अपडेट करायला एक दिवस ठरवा, महिन्यातून एकदा पुरे. एनपीएम आउटडेटेडमध्ये "वाँटेड" म्हणजे तुमच्या लिहिलेल्या रेंजमध्ये बसणारं, "लेटेस्ट" म्हणजे बाजारात आलेलं. पहिला आकडा बदलणारं अपडेट एका वेळी एकच करा, स्वतंत्र कमिटमध्ये, म्हणजे बिघडलं तर कुठलं उलटवायचं ते कळतं. एनपीएम ऑडिट पॅकेजेसमधल्या सुरक्षेच्या त्रुटी मोजतो; त्याच्या लाल आकड्याने घाबरू नका. --ओमिट=डेव्ह लावून बघा, बरंचसं गळून पडतं. राहील ते मात्र बघावंच लागतं. ऑडिट फिक्स --फोर्स हा रोगापेक्षा भयंकर इलाज: तो मोठ्या व्हर्जनच्या उड्या मारतो आणि कधीकधी चक्क जुन्या व्हर्जनवर नेऊन ठेवतो.

आणि पॅकेज बाजारात आल्या आल्या घेऊ नका. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक, डीबग यांसारखी जवळपास प्रत्येक प्रोजेक्टच्या पोटात असणारी पॅकेजेस, त्यांच्या मालकाला फसवा ईमेल पाठवून बळकावली गेली आणि त्यांत क्रिप्टो वॉलेटचे पैसे वळवणारा कोड घातला गेला. काही तासांत ते काढलं गेलं. त्या तासांत ज्यांनी सीआय मारला त्यांना जुनंच मिळालं, लॉक फाइल उडवणाऱ्यांना नवं.

सगळ्यात स्वस्त पॅकेज म्हणजे न घेतलेलं पॅकेज. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज मालकाने काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड अडले. तुमच्या अ‍ॅपमध्ये रकमा १,२५,००० अशा लाखाच्या स्वल्पविरामाने दाखवायला पॅकेज लागत नाही. ब्राउझरमधल्या इंटल डॉट नंबरफॉरमॅटला एमआर-आयएन दिलं की मराठी आकड्यांसकट मिळतं. तारखेसाठी मोमेंट हे पॅकेज असेल तर ते २०२० पासून फक्त देखभालीवर आहे. नवीन प्रोजेक्टमध्ये घेऊ नका.

डिस्क आणि डेटा दोन्हींची तंगी असेल तर पीएनपीएम (एनपीएमच्या जागी वापरायचं साधन) बघा. एक पॅकेज मशिनवर एकदाच ठेवतो आणि सगळ्या प्रोजेक्टना हार्ड लिंकने, म्हणजे दुसरी प्रत न करता, जोडतो. १०.१६ पासून त्यात मिनिममरिलीजएज आहे, मिनिटांत लिहायचं: १००८० दिलं तर सात दिवसांपेक्षा ताजं व्हर्जन तो घेणारच नाही. पीएनपीएम इम्पोर्ट मारलं की सध्याच्या लॉक फाइलवरून त्याची स्वतःची बनते, व्हर्जन तीच राहतात. बदलल्यावर एखादं इम्पोर्ट सापडेनासं होईल, कारण पॅकेज डॉट जेसनमध्ये न लिहिता दुसऱ्याच्या पोटातलं वापरलेलं तो खपवून घेत नाही. तेवढी नावं लिहून टाका. बदल तिघांनी एकाच दिवशी करा, आणि पॅकेज-लॉक डॉट जेसन त्याच कमिटमध्ये काढून टाका. दोन लॉक फाइली एका रेपोत राहिल्या तर एक जण एकीवर चालेल, दुसरा दुसरीवर.