सही नोव्हेंबरमध्ये, कोच गेले मार्चमध्ये

पुण्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावीत आहे, टेनिस खेळते. अमेरिकेत 'बिग टेन' कॉन्फरन्समधल्या (कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) एका विद्यापीठाच्या स्कॉलरशिपच्या करारावर तिने नोव्हेंबरमध्ये सही केली. मार्चमध्ये तिला निवडणारे कोच नोकरी सोडून गेले. आता त्याच कॉन्फरन्समधल्या दुसऱ्या विद्यापीठाच्या कोचचा एका एजंटामार्फत निरोप आलाय, 'आमच्याकडे या, जास्त देऊ.' वडील विचारतात, "एकाच कॉन्फरन्समध्ये कॉलेज बदललं तर वर्षभर घरी बसवतात म्हणे. खरं का?"

नमस्कार,

तुम्ही ऐकलंय ते एके काळी खरं होतं. बेकर मेफिल्ड या अमेरिकन फुटबॉलपटूचं उदाहरण अजून सांगितलं जातं. 2013 मध्ये तो टेक्सस टेककडून स्कॉलरशिपशिवाय खेळला आणि मग त्याच बिग 12 कॉन्फरन्समधल्या ओक्लाहोमाला गेला. 2014 चा हंगाम त्याने बाहेर बसून काढला, वर कॉन्फरन्सच्या नियमाने कॉलेजकडून खेळायला मिळणाऱ्या वर्षांतलं एक वर्षही कापलं गेलं. 2016 मध्ये कॉन्फरन्सने नियम बदलला आणि ते वर्ष त्याला परत मिळालं. त्याच परत मिळालेल्या 2017 च्या हंगामात त्याने हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकली!

पुढे 2021 मध्ये एनसीएएने (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था) सगळ्याच खेळांत एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा दिली. त्याच वर्षी एसईसी आणि एसीसी या मोठ्या कॉन्फरन्सनी आपापल्या कॉन्फरन्सच्या आतल्या बदलावरची अडवणूकही काढली. 2024 पासून अभ्यासाच्या अटी पूर्ण असतील तर कितीही वेळा बदलता येतं. कॉन्फरन्सची स्वतःची एखादी मुदत असू शकते, तेवढी विचारून घ्या. (नावावर जाऊ नका, बिग टेनमध्ये आज 18 विद्यापीठं आहेत. न्यू जर्सीचं रटगर्स आणि लॉस एंजेलिसचं यूसीएलए एकाच कॉन्फरन्समध्ये!)

पण हे सगळं तिथे शिकत असलेल्या खेळाडूंचं झालं. तुमची लेक अजून पुण्यातच आहे, त्यामुळे तिला कॉन्फरन्सपेक्षा नोव्हेंबरमधली सही जास्त आडवी येणार आहे. पूर्वी 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' नावाचं वेगळं पत्र असायचं. ते ऑक्टोबर 2024 मध्ये बंद झालं, आता स्कॉलरशिपचा करारच सगळं काही. मात्र जुनी एक गोष्ट कायम आहे. सही झाली की इतर विद्यापीठांच्या कोचनी त्या मुलीशी भरतीचं बोलणं करायचं नाही. म्हणजे एजंटामार्फत निरोप पाठवणारे ते दुसरे कोच नियमाच्या अगदी कडेला उभे आहेत, कदाचित पलीकडेच. त्या निरोपाला व्हॉट्सॲपवर "हो, बघतो" एवढंही उत्तर देऊ नका. हे काम मी वर्षानुवर्षं करतोय, आणि असे अर्धवट "हो" मला सगळ्यात जास्त निस्तरावे लागतात.

आधी सही केलेला करार काढा आणि रद्द करण्याबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचा. मोकळं व्हायचं ठरलं, तर पहिल्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागातल्या कम्प्लायन्स ऑफिसला (नियम पाळले जातात का ते बघणारं ऑफिस) लेकीच्या नावाने ईमेल जाऊ द्या : मला निवडणारे कोच गेले, मला करारातून मोकळं करता का? भाषा साधी आणि सरळ ठेवा, तक्रारीचा सूर नको. लेखी होकार हातात पडला की मग दुसरीकडे बोला. त्याआधी बोललात तर तेलही जाईल आणि तूपही.

आता पैशाचं. "जास्त" म्हणजे कशाच्या जास्त? समजा, वर्षाचा एकूण खर्च 60 हजार डॉलर आहे आणि त्यात फी 40 हजार. एक विद्यापीठ 'पूर्ण फी' देतंय, दुसरं 'एकूण खर्चाच्या 70 टक्के'. ऐकायला पहिलं भारी वाटतं. पण पहिल्यात तुमच्या खिशातून 20 हजार जातात, दुसऱ्यात 18 हजार. ही मदत एका वर्षाची की चारही वर्षांची, हे करारात शोधा. एजंट जाहिरातीच्या कमाईचं गाजर दाखवत असेल तर ते बाजूला ठेवा. विद्यार्थी व्हिसावर असं काम करायला कडक मर्यादा आहेत.

एनसीएएविरुद्धच्या 'हाउस' नावाच्या खटल्यात 2025 मध्ये झालेल्या तडजोडीनंतर या विद्यापीठांच्या टेनिस संघात दहाच जणी ठेवता येतात. सामन्यात एकेरीला सहा जणी उतरतात, दुहेरीच्या तीन जोड्या असतात. म्हणजे दहांपैकी चौघी एकेरीत बाकावरच. नवीन कोच आपले खेळाडू बरोबर आणतात, आणि कोच उद्या दुसऱ्या विद्यापीठातही बदलू शकतात. म्हणून राहायचं की जायचं हे ठरवण्याआधी पहिल्या विद्यापीठाच्या नव्या कोचना एक फोन झालाच पाहिजे. तो तुम्ही नाही, तिने करायचा. "माझा करार कायम आहे का आणि पहिल्या वर्षी मी तुम्हाला कितव्या नंबरवर दिसते?" एवढंच विचारायचं. गोलगोल उत्तर मिळालं तर मोकळीक मागणारा ईमेल दुसऱ्या दिवशी पाठवा.

व्हिसाचा अर्ज तोवर थांबवा. आय-20, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म, विद्यापीठागणिक वेगळा निघतो, आणि चुकीच्या विद्यापीठाच्या आय-20 वर मुलाखत देऊन बसलात तर तो गुंता जूनमध्ये सोडवायला वेळ उरत नाही.