भट्टीतले थर कशासाठी?

प्रश्न : लोखंड गाळायच्या झोतभट्टीत कोक (हवेविना भाजलेला दगडी कोळसा) आणि लोहखनिज एकाआड एक थरांनी भरतात, असं आमच्या पुस्तकात आहे, कारण दिलेलं नाही. दोन्ही कालवून टाकलं तर कोक खनिजाला जास्त खेटेल आणि काम लवकर होईल ना?
– डिप्लोमाची विद्यार्थिनी, चंद्रपूर

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मीही हेच विचारलं होतं. फोरमनसाहेब काही बोलले नाहीत. तळाला भोकं पाडलेल्या डब्यात त्यांनी खडी भरायला लावली आणि वरून पाणी ओतायला सांगितलं. पाणी सरळ खाली. मग तीच खडी वाळूत कालवून पुन्हा ओतायला लावलं. पाणी वरच तुंबलं. ‘कोक म्हणजे खडी,’ एवढंच म्हणाले आणि चहाला गेले.

तुमच्या तर्कात एकच गोष्ट निसटली आहे. खनिजातला ऑक्सिजन बहुतांशी काढतो तो वायू, कार्बन मोनॉक्साइड. खाली ट्वीयरमधून, म्हणजे हवा फुंकायच्या नळ्यांतून, हजार-बाराशे अंशांची हवा घुसते, तिथे कोक जळून हा वायू तयार होतो आणि अवघ्या काही सेकंदांत वरपर्यंत पोचतो. माल मात्र सहा-आठ तास घेत खाली सरकतो. म्हणजे कोक खनिजाला खेटण्यापेक्षा वायू खनिजापर्यंत पोचणं महत्त्वाचं. सिंटरचे (भाजून गठ्ठे केलेल्या खनिजाच्या भुकटीचे) बारीक तुकडे कोकच्या मोठ्या तुकड्यांमधल्या फटींत बसले की वायूची वाट बुजते. (दहा-पंचवीस मिलिमीटरचा बारका कोक हल्ली मुद्दाम खनिजात मिसळतात, पण तो थोडाच, मोठ्या कोकचे थर वेगळेच राहतात.)

खरी अडचण पुढे येते. बाराशे अंशांच्या आसपास खनिज मऊ पडायला लागतं आणि पुरतं वितळेपर्यंत त्याचा चिकट लगदा झालेला असतो. त्यातून वायू जवळजवळ जातच नाही. कोक मात्र वितळत नाही. म्हणून त्या पट्ट्यात वायू दोन लगद्यांच्या मधल्या कोकच्या थरातून आडवा निघतो. आम्ही त्या थरांना कोकच्या खिडक्या म्हणायचो. जपानमध्ये 1970 च्या सुमारास हिरोहाता कारखान्याची भट्टी चालू स्थितीत बंद करून थंड केली आणि वरून खाली उकरत नेली, तेव्हा हे थर आपापल्या जागी शाबूत सापडले. तोवर आत सगळं कालवलं जात असेल, असं मानणारेही बरेच होते.

आता थोडं गणित करा. भट्टीच्या तोंडाचा व्यास 8 मीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस मीटर. एका चार्जला, म्हणजे भरणीच्या एका खेपेला, 12 टन कोक; एक घनमीटर कोक साधारण अर्धा टन भरतो, म्हणजे 24 घनमीटर. थर झाला 48 सेंटिमीटर. खाली पोटाशी व्यास 11 मीटर झाला, की तोच थर पसरून 25 सेंटिमीटर उरतो. खिडकी तेवढीच!

एका पावसाळ्यात आम्ही तीही घालवली. कोक भिजलेला होता आणि वजनातून ओलावा वजा करायचा आकडा तीन टक्क्यांवरच राहिला होता, ओलावा आठ टक्के असताना. म्हणजे दर चार्जला सहाशे किलो कोकऐवजी पाणी तोललं जात होतं. शिवाय ओली भुकटी चाळणीतून खाली पडत नाही, तुकड्यांना चिकटून आत जाते. रात्री दोनला ब्लास्टचा, म्हणजे फुंकलेल्या हवेचा, दाब चढायला लागला, मालाची पातळी दाखवणारा स्टॉक रॉड जागचा हलेना. माल अडकला होता. हवा कमी केली तसा सगळा माल धाडकन खाली बसला, भट्टीच्या पायथ्याचा, लोखंड बाहेर काढायचा अख्खा कास्ट हाऊस हादरला. भट्टी गार पडली ती ताळ्यावर यायला दोन दिवस लागले. ओलाव्याचा आकडा बघायचं काम माझंच होतं.

प्रश्न : आम्ही क्युपोलावाले, म्हणजे बीड वितळवायच्या छोट्या भट्टीवाले. मोठ्या भट्ट्यांत ट्वीयरमधून कोळशाची पूड फुंकतात असं ऐकतो. मग महागडा कोक पूर्ण बंद का करत नाहीत?
– फाउंड्रीचालक, कोल्हापूर

पूड उष्णता देते आणि वायूही देते. पण भट्टीत माल उचलून धरणं आणि फटी उघड्या ठेवणं तिच्याने होत नाही. लोखंडाच्या टनाला दीड-दोनशे किलो पूड फुंकली की तेवढ्या प्रमाणात कोक कमी होतो. अशा वेळी चांगले ऑपरेटर कोकचा थर पातळ करत नाहीत. थर तेवढाच ठेवून वरचं खनिज वाढवतात, त्यामुळे खिडक्या कमी होतात पण अरुंद होत नाहीत. आणि उरलेला कोक जास्त दणकट लागतो, कारण वरचा भार वाढलेला असतो. आपल्या कोळशात राख जास्त, म्हणून कोकसाठीचा बराचसा कोळसा ऑस्ट्रेलियातून येतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

तुमच्या क्युपोलात बीड आणि भंगार घालता. ते खनिजासारखं लगदा होऊन बसत नाही, थेट वितळून ठिबकतं. म्हणून थर थोडा वर-खाली झाला तरी तुमचं निभावतं. पण कोक चाळून घ्यायचा कंटाळा करू नका. पावसाळ्यात तर मुळीच नाही.