बैल पळाले, फोटोत मात्र उभे राहिले

प्रश्न : ताई, आमच्या इकडं शंकरपट होता, मी डीएसएलआर घेऊन गेलतो. यूट्यूबवर बघून शटर १/२००० ठेवलं. वेसणीचा दोर सुद्धा क्लिअर आलाय, पण जोडी पळायलीय असं वाटतच नाही, कुणी रानात नेऊन उभी केल्यावानी दिसायलीय. काय चुकायलंय?
– एक वाचक, परभणी

उत्तर : चुकलं काहीच नाही. १/२००० ला, म्हणजे सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात, सगळंच गोठणार, बैल काय अन् उडालेलं ढेकूळ काय. वेग दिसायचा तर फ्रेममध्ये काहीतरी हललेलं पाहिजे. शटर प्रायॉरिटीवर (शटर आपण ठरवायचं, लेन्सचं छिद्र कॅमेरा ठरवतो) या, निकॉनला एस आणि कॅननला टीव्ही लिहिलेलं असतं. शटर १/६०, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, फोकस कंटिन्युअस, म्हणजे हलत्या बैलांवर धरून राहणारा. पटाच्या बाजूला उभे राहा (समोर नाही, सुटलेली जोडी लवकर थांबत नसते), जोडी लांब असतानाच बैलाचं डोकं व्ह्यूफाइंडरमध्ये धरा आणि पाय रोवून नुसतं कमरेतून वळत त्यांच्यासोबत कॅमेरा फिरवत या, बरोबर समोर आले की बटण दाबा आणि दाबल्यावरही फिरवत राहा. बहुतेकांचं इथंच फिसकटतं, क्लिक वाजलं की हात थांबतो आणि बैलच धूसर होतात. जमलं तर डोकं आणि वशिंड शार्प, छकड्याची चाकं आणि पाय फिरलेले, मागची गर्दी आडव्या रेघांत गेलेली. याला पॅनिंग म्हणतात. नवीन असाल तर १/१२५ पासून सुरू करा, बर्स्टवर (बटण दाबून धरलं की एकामागोमाग फोटो) ठेवा आणि बरेच फोटो डिलीट करायची तयारी ठेवा, त्याला इलाज नाही.

भर दुपारी मात्र वेगळी भानगड होते. कडक उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१६ ला (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) साधारण १/१०० शटर लागतं, हा रीळवाल्यांच्या काळापासूनचा हिशोब. म्हणजे १/६० साठी एफ/२० पर्यंत जावं लागतं, तिथं लेन्सचा शार्पपणा मार खातो आणि सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका न ठिपका आभाळात दिसतो, आपल्याकडं तर धूळ फुकट आहे. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड अडवणारी काळपट काच, दर स्टॉपला उजेड अर्धा) लावला की उजेड आठव्या भागावर येतो, मग एफ/७.१ ला आरामात काम होतं. फिल्टरला पैसे घालायचे नसतील तर सरळ संध्याकाळच्या फेऱ्या धरा.

प्रश्न : वेरूळला कैलास लेण्याचा फोटो काढला की दगड पांढुरका येतो आणि वरचं आभाळ निव्वळ कोरं. कॅमेरा खराब आहे का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : कॅमेरा ठणठणीत आहे. त्याचा उजेड मोजणारा मीटर समोर काहीही असो, ते मध्यम करडंच असणार असं धरून चालतो. फ्रेमभर काळा बेसॉल्ट आला की त्याला वाटतं अंधार आहे आणि तो उजेड वाढवतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) -१ करा, दगड दगडासारखा दिसेल. जिनिंगमधला कापसाचा ढीग काढताना नेमकं उलटं होतं, कापूस मळकट येतो, तिथं +१.

आभाळाचं दुखणं मात्र वेळेचं आहे. कैलास पश्चिमेला तोंड करून आहे, सकाळी दर्शनी भाग सावलीत आणि मागचं आभाळ लख्ख, हा फरक एका फोटोत बसवायला जाऊच नका. दुपार कलल्यावर जा. नाहीतर बाजूच्या टेकडीवर चढून वरून खाली बघत काढा, आभाळ फ्रेममधून आपोआप जातं आणि अख्खं देऊळ वरून खाली कोरत आणलंय हे पण फोटोत कळतं. अंगणातल्या दगडी हत्तीजवळ एखादा माणूस येऊ द्या, त्याशिवाय आकाराचा अंदाजच येत नाही. मंगळवारी वेरूळ बंद असतं, सोमवारी अजिंठा. आणि अजिंठ्यात चित्रांवर फ्लॅश मारायचा नाही, आयएसओ वाढवा, थोडा नॉइज (दाणेदारपणा) आला तर येऊ द्या.

प्रश्न : रूल ऑफ थर्ड्स पाळूनही बीबी का मकबरा वाकडा-तिकडा का वाटतो?
– एक वाचक, धाराशिव

उत्तर : कारण तिथं तो नियम (विषय मधोमध न ठेवता फ्रेमच्या तिसऱ्या भागावर ठेवायचा) पाळायचाच नाही! मिनार दोन्हीकडं सारखे, मधोमध पाण्याची लांब पट्टी, ही वास्तूच सममितीवर उभी आहे. बरोबर मधल्या रेषेवर उभे राहा, ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा) ऑन करा, दोन्ही बाजूच्या मिनारांपासून फ्रेमच्या कडेपर्यंतचं अंतर सारखं ठेवा. पाण्यात प्रतिबिंब असेल तर कॅमेरा खाली न्या, गुडघ्यावर बसा, लोक बघतील, बघू द्या. तिसऱ्या भागाचा नियम बाभळीखाली बसलेल्या म्हाताऱ्यासाठी ठेवा, तो ज्या बाजूला बघतोय तिकडं जागा सोडा.

प्रश्न : हे सगळं फोनवर जमंल का?
– एक वाचक, हिंगोली

उत्तर : बरंचसं. बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) फिक्स असतं, त्यामुळं प्रो मोडमध्ये फक्त शटर आणि आयएसओ आपल्या हातात. उजेड कमी-जास्त करायला स्क्रीनवर बोट दाबून धरा, मग वर-खाली सरकवा. उन्हात पॅनिंग अवघड जातं, संध्याकाळी जमेल.

आणि सगळ्यांनाच एक विनंती, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो टाकला की शटर-आयएसओची माहिती उडते, मग काय बिघडलं हे मी सांगणार कशावरून?