'तो धडा मी पर्यायाला टाकला'

शिरपूरच्या एका शिक्षकांनी विचारलंय : "नववीतल्या एका मुलाच्या निबंधात 'ऑप्शन' सात वेळा आला. मी लाल पेनानं सगळीकडे 'पर्याय' केलं. मग वाचून पाहिलं, तर एक वाक्य झालं होतं 'तो धडा मी पर्यायाला टाकला'. आता मलाच हसू येतंय. ऑप्शनला चपखल असा एकच मराठी शब्द सांगा."

सर, एकच शब्द नाही. आणि त्या वाक्यात चूक मुलाची नाही, लाल पेनाची आहे.

'ऑप्शनला टाकणं' हा आपल्याकडे घडलेला वाक्प्रचार आहे. प्रश्नपत्रिकेत 'खालीलपैकी कोणतेही तीन प्रश्न सोडवा' असं असतं. पाचातले दोन सोडून द्यायची मुभा. मग मुलं महिनाभर आधीच हिशेब करतात, की हा धडा नाही केला तरी चालतंय. इंग्रजीत ऑप्शन म्हणजे निवडायची सोय, किंवा जिच्यातून निवडायचं ती वस्तू. शब्दाचं मूळ लॅटिन, तिथल्या क्रियापदाचा अर्थच 'निवडणे'. रोमन सैन्यात ऐंशी-शंभर शिपायांच्या नायकाच्या हाताखालच्या दुय्यम अधिकाऱ्याला 'ऑप्टिओ' म्हणत, म्हणजे निवडलेला माणूस. दत्तक घेण्याला इंग्रजीत 'अ‍ॅडॉप्ट' म्हणतात, तो शब्दही याच घरातला. आपल्या पोरांनी मात्र त्याचा पार उलटा अर्थ केला. ऑप्शनला टाकलेला धडा दत्तक घेतलेला नसतो, टाकून दिलेला असतो! आता तर हा वाक्प्रचार परीक्षेच्या बाहेरही पडलाय. परवा एका लग्नात पंगतीला माझ्या शेजारी बसलेला पोरगा वाढप्याला म्हणाला, "भात ऑप्शनला टाका, पुरणपोळी आणा." इथे 'पर्याय' लिहून बघा बरं.

माझं दुकान खतं-बियाण्यांचं, अमळनेरला. दिवसातून दहा वेळा हा शब्द गल्ल्यासमोर येतो. जुलैत कपाशीवर मावा-तुडतुडे आले की शेतकरी रिकामी बाटली घेऊन येतो. ते औषध संपलेलं असतं. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "मंग याले ऑप्शन काय शे, भाऊ?" त्याला निवड करायची हौस नसते, त्याच जागी चालेल असं दुसरं काहीतरी हवं असतं. याला मराठीत 'बदली' आहे, किंवा नुसतं 'याच्याऐवजी काय?' हा 'ऐवजी' मला फार आवडतो. मूळ अरबी, अर्थ मोबदला, बदल्यात दिलेली वस्तू. त्याचाच सख्खा 'ऐवज' आज फक्त चोरीच्या बातमीत उरलाय.

आता पर्याय आणि विकल्प. लोक हे दोन शब्द एकाच अर्थानं वापरतात आणि बहुतेक वेळा खपूनही जातं. पण 'पर्याय' म्हणजे मुळात फिरणं, पाळी. संस्कृतात 'पर्यायेण' म्हणजे आळीपाळीनं. म्हणून पर्यायी शब्द म्हणजे दुसऱ्याच्या जागी पाळीला उभा राहणारा. 'पर्यायी रस्ता' हा प्रयोग म्हणूनच नेमका बसतो, पूल बंद असला की त्याची पाळी. 'पर्यायाने' म्हटलं की मात्र अर्थ तिसरीकडेच जातो, तिथे निवडीचा काहीच संबंध नाही.

विकल्पात द्विधा आहे. हे किंवा ते, आणि मन अजून ठरलेलं नाही. आपल्या शालेय व्याकरणात 'किंवा, अथवा, वा, की' यांना विकल्पबोधक उभयान्वयी अव्ययं म्हणतात ते त्यामुळेच. माझी आजी 'त्याच्या मनात विकल्प आला' म्हणायची, तेव्हा शंका, किल्मिष असाच अर्थ असायचा. सरकारी कागदाला या किल्मिषाशी देणंघेणं नाही. वेतन आयोग आला की कर्मचाऱ्यानं 'विकल्प' लिहून द्यायचा, आणि 'एकदा दिलेला विकल्प अंतिम राहील'. म्हणजे द्विधा संपवणाऱ्या कागदाचं नाव विकल्प. असो.

'माझ्याकडे ऑप्शनच नव्हता' या वाक्यासाठी तर आपल्याकडे शब्दांची नुसती रास आहे. इलाज नव्हता, उपाय नव्हता, गत्यंतर नव्हतं, निरुपाय झाला. आणि 'चारा नव्हता'. हा चारा म्हणजे कडबा नव्हे. 'तडजोड करण्यावाचून चारा नव्हता' यातला चारा फारसीतला आहे, अर्थ उपाय. बिचारा म्हणजे ज्याला असा चारा नाही तो. दुष्काळात बैल विकणारा शेतकरी 'चारा नव्हता' म्हणतो तेव्हा दोन्ही शब्द एकदमच खरे असतात. आमच्याकडे म्हातारी माणसं यातलं काहीही न म्हणता 'आते काय करो?' एवढंच म्हणतात, आणि पुरतं.

एक जागा मात्र अशी आहे जिथे पर्याय, विकल्प, निवड, सगळेच तोंडावर पडतात. शेअर बाजारातला ऑप्शन. हल्ली मोबाइल हातात असलेला प्रत्येक पोरगा कॉल-पुट बोलतो, कॉल म्हणजे खरेदीचा ऑप्शन, पुट म्हणजे विक्रीचा. तो ऑप्शन म्हणजे विकत घेतलेला हक्क. कापसावरच सांगतो. समजा, दोन महिन्यांनी माझा कापूस 7,000 रुपये क्विंटलनं तुम्हाला विकायचा हक्क मी आज क्विंटलमागे 100 रुपये देऊन तुमच्याकडून घेतला. भाव 6,000 वर आला तर मी हक्क बजावणार आणि तुम्हाला कापूस घ्यावाच लागणार. भाव 8,000 झाला तर मी बाजारात विकणार, माझे 100 रुपये तुमचे. मी बांधलेला नाही, तुम्ही बांधलेले आहात.

गंमत म्हणजे याला देशी शब्द होते. भाव चढेल म्हणून खरेदीचा हक्क घ्यायचा ती 'तेजी', पडेल म्हणून विक्रीचा हक्क घ्यायचा ती 'मंदी'. रोख्यांच्या व्यवहारांच्या 1956 च्या केंद्रीय कायद्यात ऑप्शनची व्याख्या करताना इंग्रजी मजकुरातच तेजी, मंदी, तेजी-मंदी, गल्ली हे शब्द पुट आणि कॉलच्या मांडीला मांडी लावून बसलेत. कापसात तर हा सट्टा इतका चाले की 1939 मध्ये मुंबई प्रांतानं कापसातल्या ऑप्शनवर बंदीचा वेगळा कायदाच केला. तेव्हा आपला पूर्व आणि पश्चिम खानदेशही त्याच प्रांतात. आता तेजी-मंदीचा अर्थ नुसता भावाचा चढउतार एवढाच उरला, त्यामुळे या ऑप्शनला ऑप्शनच म्हणावं असं माझं मत. ओढूनताणून 'पर्याय व्यवहार' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, दुसरा कुठला तरी धंदा काढला.

प्रवेशाच्या 'ऑप्शन फॉर्म'ला 'पसंतीक्रम' हा शब्द छान रुळलाय, तिथे हात लावायची गरज नाही.

राहिलं तुमच्या विद्यार्थ्याचं वाक्य. 'तो धडा मी सोडून दिला' असं केलंत तर मराठी शुद्ध होईल, पण त्यातला हिशेब जाईल. सोडून आळशी पोरगाही देतो. ऑप्शनला टाकणाऱ्यानं मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाहिलेल्या असतात. तेव्हा ते वाक्य होतं तसं परत करा. बाकीच्या सहा जागांचं विचाराल तर नुसता शब्द नको, सहाही वाक्यं पुरी लिहून पाठवा.