बुडालेला कोळशाचा बार्ज अन् आपला गाळ

मागच्या वेळी अमेरिकेतल्या लेक शॅम्प्लेन या गोड्या पाण्याच्या तलावाच्या तळाला बसलेल्या ए. आर. नॉयेस या लाकडी बार्जबद्दल, म्हणजे माल वाहायच्या सपाट नावेबद्दल, लिहिलं होतं. 1884 मध्ये कोळशासकट बुडाला, आता 60 ते 80 फुटांवर डायव्हर जाऊन बघतात. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी चार घेतो.

आमच्या कुंपणाची बल्ली दोन पावसाळ्यात सडते, हे लाकूड एवढं कसं टिकलं? (पवनी)

बल्ली सडते कुठं ते बघा ना भाऊ, जमिनीला लागून. हवा अन् ओल दोन्ही मिळाली की बुरशीचं फावतं. पूर्ण बुडालेल्या लाकडाला हवा फारच कमी पोचते, त्यात तिथलं पाणी थंडगार, म्हणून सडणं एकदम हळू. जुने लोक विहिरीत जांभळाचं लाकूड घालायचे ते काही उगाच नाही. अन् मोठी गोष्ट म्हणजे समुद्रात लाकूड पोखरणारा टेरेडो असतो, त्याला किडा म्हणतात पण तो शिंपल्याच्या जातीचा, तो गोड्या पाण्यात जगत नाही.

आपल्या नदीतून कधी मालाच्या नावा चालल्या का? (सिरोंचा)

बेत तर मोठा होता. आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनियरला गोदावरी, प्राणहिता, वर्धा अशी जलवाट करून आपला कापूस समुद्रापर्यंत न्यायचा होता. पण मधे खडकांचे अडथळे, तेवढ्यात 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, अन् 1871 मध्ये काम सोडून दिलं. म्हणून प्राणहितेत इंग्रजांचा बार्ज सापडला असा मेसेज आला तर फॉरवर्ड करायच्या आधी दम खा.

आम्ही पोट्टे लहानपणापासून गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात पोहून राहिलो, हवेचं सिलिंडर भाड्यानं मिळालं तर खाली बुडालेलं गाव पाहता येईल काय? (भिवापूर)

नाही ना बापा. पोहणाऱ्यालाच यात जास्त धोका आहे, कारण त्याला श्वास रोखायची सवय असते. 10 मीटर खाली दाब दुप्पट होतो, तिथं सिलिंडरमधून छाती भरून घेतलेली हवा वर येताना फुगत फुगत दुप्पट व्हायला बघते, अन् श्वास रोखला तर फुप्फुस फाटतं. दुसरं म्हणजे गाळ. मी एकदा एका तलावात बुडालेल्या माणसाला शोधायला उतरलो होतो, टॉर्च डोळ्यावरच्या काचेला टेकवला तरी नुसता चहाचा रंग, पायाला बाभळीच्या फांद्या अन् कोणाचं तरी सोडून दिलेलं जाळं, चाकू होता म्हणून सुटलो. शॅम्प्लेनमधेही पायात घातलेल्या रबरी पंखाचा एक फटका चुकीचा पडला की तळ ढवळून निघतो, म्हणून तिथं वर तरंगणाऱ्या पिवळ्या बोयाच्या दोराला धरूनच खाली जातात अन् बार्जच्या आत शिरत नाहीत. खरंच डायव्हिंग शिकायचं असेल तर कोकणात तारकर्लीला जा, पहिला कोर्स 18 मीटरपर्यंतचा असतो. तिथून कधी गोड्या पाण्यात गेलात तर बुडायला मदत म्हणून कमरेला बांधलेलं शिसं थोडं कमी करा, गोडं पाणी समुद्राएवढं वर उचलत नाही.

त्या बार्जवरून आठवण म्हणून कोळशाचा एक तुकडा आणला तर कोणाला कळते? (वणी)

आणू नका. तिथं कायद्यानं बंदी आहे. आपल्याकडंही 1878 चा कायदा आहे, जमिनीत गाडलेलं 10 रुपयांच्या वरचं धन सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं. लाकूड तर अजिबात नको, सुकलं की भेगा पडून त्याचा भुगा होतो. स्वीडनमधे वासा हे बुडालेलं लाकडी जहाज 1961 मध्ये वर काढलं तर त्यावर 17 वर्षं औषध फवारत बसले होते. अन् तुम्ही तर वणीचे, कोळसाच पाहिजे तर ट्रकमागं सांडलेला उचला, कोणी विचारणार नाही.