सर्दी की फ्लू? आधी सुरुवात आठव

अगं, दुखणं कसं सुरू झालं ते आधी आठव. साधी सर्दी पायरीपायरीने येते: घसा खवखवतो, मग नाक गळतं, पण डबा करून ऑफिस गाठता येतं. फ्लू दुपारी धरतो आणि संध्याकाळी चहाचा कप उचलायलाही त्राण उरत नाही. १०२ ताप, अंग ठेचून काढल्यासारखं. दोन्ही विषाणूंचेच, म्हणून ड्रॉवरमधल्या उरलेल्या अँटिबायोटिकला हात लावू नकोस. सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल, म्हणजे तापाचंच औषध असतं, पाकिटामागे वाच, नाहीतर तापाची गोळी वेगळी घेतलीस की डोस दुप्पट होईल. पेज, मऊ भात, झोप. दम लागला किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला तर लगेच डॉक्टर गाठ. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत जास्त लागू पडतं. काढा पी, पण पाचपाचदा नको. माझं पोट त्यानंच बिघडलं होतं.